प्रारंभिक अल्झायमर आणि निरक्षर वृद्ध : कंधार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीत मराठी समाजाने वार्धक्यातील विस्मरणाचे स्पष्टीकरण पूर्वापार शोधले. त्यास पहिला शास्त्रीय छेद ३ नोव्हेंबर १९०६ रोजी मिळाला. आलॉइस अल्झायमर यांनी ट्युबिंगेन येथील सभेत, पन्नाशीतच स्मृती गमावलेल्या ऑगस्टे डेटर या स्त्रीच्या मेंदूतील झीज, पेशींबाहेरील साठे व पेशींमधील तंतूंचा गुंता यांचे वर्णन केले. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तिला नाव लिहावयास सांगितले, तेव्हा आरंभीचा 'श्रीमती' हा शब्द लिहून ती पुढचे विसरली होती. म्हणजे या आजाराच्या पहिल्याच रुग्णाची तपासणी लेखणीच्या आधारे झाली, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

१९९१ मध्ये ब्राक दांपत्याने दाखविले की, तंतूंचा गुंता प्रथम हिप्पोकॅम्पसलगतच्या भागात दिसतो व तेथून क्रमाने मेंदूच्या बाह्यावरणात पसरतो. नवी घटना मनात साठविण्याचे कार्य याच भागाचे असल्याने आजचे बोलणे विसरते, परंतु बालपण शाबूत राहते. हा बदल लक्षणांपूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेला असतो.

मात्र मेंदूतील हा बदल खेड्यात ओळखावा कसा? १९७५ मध्ये फोलस्टीन यांनी तयार केलेल्या तीस गुणांच्या चाचणीत वाचन व लेखन गृहीत धरले होते. मन्याडकाठचे कंधार १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि शाळा सामान्य शेतकरी कुटुंबापासून, विशेषतः मुलींपासून, दूरच होती. त्या पिढीतील आजीला आजची इंग्रजी तारीख सांगता आली नाही, तर तो मेंदूचा दोष की इतिहासाचा? तिथी, पेरणी व बाजारातील हिशेब तिला पाठ असतो. तोच चुकू लागला तर मात्र शंका घ्यावी लागते.

हरियाणातील बल्लभगड येथील संशोधकांनी १९९५ मध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगावयाचे, लिखित आज्ञा वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती करावयाची, असे तिचे रूप होते. १९९८ मध्ये तेथील ६५ वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमरचे प्रमाण १.०७ टक्के नोंदले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश आढळला. वयोगट, व्याख्या व आजारांची व्याप्ती भिन्न असल्याने दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तथापि २०२३ च्या अभ्यासात ग्रामीण, अल्पशिक्षित व स्त्रिया यांत प्रमाण अधिक आढळले. शिक्षणाच्या अभावाने मेंदूची राखीव शक्ती घटते, की चाचणीच त्यांना कमी गुण देते, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. दोन्ही कारणे काही अंशी खरी असावीत.

२०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा बौद्धिक चाचण्यांचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषांत पडताळल्याचे प्रसिद्ध झाले. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडच्या तेलुगू व कन्नड या दोन्ही भाषा त्यात होत्या. मराठी नव्हती.