दोन हजार बंदुका आणि एक मनोरा

मंडळी, मागच्या वेळी आपण १८३३ पाशी थांबलो होतो. सप्टेंबरात स्पेनचा राजा सातवा फर्नांडो वारला. मुलगी इसाबेल जेमतेम तीन वर्षांची, आणि काका डॉन कार्लोस म्हणतोय, गादी माझी. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, तेव्हा त्यात फार शिरत नाही. आज एकच प्रसंग घेऊ.

कार्लोसच्या बाजूनं नावार्रात लढत होता सुमालाकार्रेगी. त्याच्याकडे माणसं येत होती, पण हातात द्यायला बंदुका नव्हत्या. राणीपक्षाकडे शहरं, तोफा, बंदरं; याच्याकडे डोंगर. मग बंदूक आणायची कुठून? तर शत्रूकडूनच. नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात हा तरुणपणी हेच शिकला होता. 'गेरिल्ला' हा शब्द जगभर गेला तो त्याच लढ्यातून. आपला शब्द गनिमी कावा, आणि तो त्याहून जुना, बरं का!

ऑक्टोबर १८३४. सुमारे २,००० बंदुका घेऊन एक तांडा लोग्रोन्योकडे चालला होता. सुमालाकार्रेगी एब्रो नदी ओलांडून आला आणि २१ तारखेला सेनिसेरो गावाच्या परिसरात त्यानं तो गाठला. बंदुका हाती आल्या. खरं तर काम झालं होतं.

पण सेनिसेरोतले राणीपक्षाचे नागरी सैनिक शरण येईनात. ते चर्चच्या मनोऱ्यात शिरले. कार्लोसवाल्यांनी चर्च पेटवलं. खाली आग, वर धूर, तरी ते उतरले नाहीत. शेवटी वेढा घालणारेच निघून गेले. आम्हाला इथं सुमालाकार्रेगीचा हिशेब चुकला असं वाटतं. पाठीशी नदी असताना मूठभर लोकांसाठी एवढा वेळ घालवायचं कारण नव्हतं.

अर्थात सहाच दिवसांनी, २७ ला, अलेग्रियाला त्यानं ओ'डॉयलची फौज मोडली. ओ'डॉयल पकडला गेला आणि त्याला गोळी घातली. कैद्यांना मारणं तेव्हा दोन्हीकडे चालू होतं. एप्रिल १८३५ मध्ये इंग्रज लॉर्ड एलियटच्या मध्यस्थीनं कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला, तेव्हा त्याला थोडा आळा बसला. जूनमध्ये बिल्बाओच्या वेढ्यात जखमी होऊन सुमालाकार्रेगी गेला.

आणि सेनिसेरो? १८९७ मध्ये गावानं मनोऱ्यातल्या लोकांसाठी न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीची छोटी प्रतिकृती उभारली. लोक तिला 'ला चिकिता', म्हणजे छोटी, म्हणतात. पुढच्या यादवीत, १९३६ ला, फ्रँकोवाल्यांनी ती काढून टाकली. १९७६ मध्ये ती परत उभी राहिली.