अन्नाची नासाडी

खाण्याजोगे अन्न दुकान, उपाहारगृह किंवा घरातून टाकून दिले जाणे. संयुक्त राष्ट्रांच्या १२व्या शाश्वत विकास उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत दरडोई नासाडी निम्म्यावर आणायची आहे. साली-हाडांसारखे अखाद्य भाग धरून २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून. तेव्हा सारा दोष व्यापाऱ्यांवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. अन्नासोबत ते पिकवणाऱ्याचे श्रम, पाणी, खत आणि इंधनही फुकट जाते. कचराभूमीत कुजताना मिथेन वायू सुटतो. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेले खाद्य अन्न मुद्दाम नासवण्यास मनाई केली आणि ते दान करण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. घरातली नासाडी या कायद्याच्या कक्षेत येत नाही.