पक्षादेश : पक्षाचे धोरण आणि सदस्याचे मत

सभागृहातील एखाद्या प्रश्नावर आपल्या सदस्यांनी कसे मतदान करावे, यासंबंधी राजकीय पक्षाने दिलेल्या निर्देशास पक्षादेश अथवा व्हिप म्हणतात. तो बजावणारा पदाधिकारी म्हणजे प्रतोद. मतदारांपुढे मांडलेले धोरण कायद्यात उतरविण्याचे हे पक्षाचे प्रमुख साधन होय.

पार्श्वभूमी

१९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत पक्षांतरामुळे सरकारे कोसळली. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी वारंवार पक्ष बदलल्याने ‘आया राम, गया राम’ हा वाक्प्रचार रूढ झाला. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची समाविष्ट झाली. पूर्वपरवानगीविना पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा मतदानापासून अलिप्त राहणारा सदस्य तिच्यानुसार अपात्र ठरू शकतो. मात्र पक्षाने १५ दिवसांत ते कृत्य माफ केल्यास अपात्रता लागू होत नाही. अपात्रतेचा निर्णय लोकसभा अथवा विधानसभेत अध्यक्ष, तर वरिष्ठ सभागृहात सभापती घेतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले. दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची तरतूद मात्र कायम आहे.

वादाचा मुद्दा

सरकारच्या अस्तित्वाशी निगडित ठराव आणि सामान्य विधेयक असा भेद दहावी अनुसूची करीत नाही. त्यामुळे मतदारसंघाचे हित पक्षाच्या भूमिकेशी विसंगत असले, तरी सदस्याला सदस्यत्व पणाला लावल्याखेरीज वेगळे मत देता येत नाही. विधेयकाचे भवितव्य सभागृहातील चर्चेपूर्वीच पक्षांतर्गत ठरते, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. शिस्त नसेल तर जाहीरनाम्याला अर्थ उरणार नाही आणि सरकारे अस्थिर होतील, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये पक्षादेशभंगावरील अपात्रता विश्वासमतासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात अनुसूची वैध ठरविली. तथापि असा आदेश विश्वासमत आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाशी संबंधित बाबींपुरता असावा, असे मतही नोंदविले. कायद्यात तसा बदल झालेला नाही.

महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावर ११ मे २०२३ रोजी निकाल देताना पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे स्पष्ट केले. पक्षादेश कोणाचा, हे त्यामुळे ठरले. तो कोणत्या विषयांवर असावा, हा प्रश्न अद्याप संसदेपुढे आहे.