मूत्रपिंडाची साक्ष

वृद्ध माणसाच्या पायांवर सूज आली की वयोमानाचा परिणाम म्हणून घरची मंडळी स्वस्थ राहतात. या सुजेचा अर्थ लावण्यास वैद्यकविद्येस किती काळ लागला, तो इतिहास बोधप्रद आहे.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट हे सुजलेल्या रोग्याचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठले, म्हणजे रक्तातील प्रथिन वाहून जात आहे व दोष मूत्रपिंडात आहे, हे त्यांनी १८२७ साली जगापुढे मांडले. त्याच रुग्णालयात शवचिकित्सा करणाऱ्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथींच्या एका रोगाचे वर्णन केले. तो आज कर्करोगांत गणला जातो. दोघे एकाच छपराखाली वावरले. तथापि या दोन विकारांचे नाते गॅलोवे यांनी नोंदविले ते १९२२ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी!

पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी मूत्रातून प्रथिन जाणारे व अंग सुजलेले १०१ प्रौढ रोगी पाहिले. त्यांपैकी अकरांच्या शरीरात अन्यत्र कर्करोग निघाला. कित्येकांत सूज आधी आली, गाठ मागाहून सापडली.

गाठ फुप्फुसात वा जठरात, मग मूत्रपिंडास इजा का व्हावी? २०१६ साली जर्मनीतील संशोधकांनी याचे एक उत्तर दिले. पित्ताशयाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या गाठीत जे प्रथिन होते, तेच मूत्रपिंडाच्या गाळणीतही असते. शरीराने गाठीविरुद्ध निर्माण केलेली प्रतिद्रव्ये गाळणीवरही तुटून पडली. गाठीवर उपचार होताच प्रतिद्रव्ये नाहीशी झाली व मूत्रातील प्रथिनही घटले. चोरास सोडून संन्याशास सुळी, असाच हा प्रकार. येथे मात्र संन्याशाची आरोळीच चोराचा माग सांगते.

मुंबईत परळला १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय व १९४१ साली उघडलेले टाटा कर्करोग रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आमच्या पोशीरचा रोगी नेरळला गाडी धरून तेथवर पोहोचतो खरा. परंतु बहुधा फार उशिरा. वास्तविक मूत्राची साधी तपासणी गावानजीकच्या आरोग्य केंद्रातही होते.

प्रत्येक सूज कर्करोगाची नव्हे. मधुमेह व रक्तदाब हीच मूत्रपिंडविकाराची नित्याची कारणे होत. परंतु मूत्रास फेस येऊ लागला, पाय सुजले आणि नेहमीचे कारण सापडले नाही, तर उतारवयात गाठीचाही शोध घ्यावा. मूत्रपिंडाची साक्ष वेळीच ऐकावी, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.