गव्हाच्या पैशातून गेलेली मराठी पुस्तकं

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये 'फॉल सेमिस्टर'ची गडबड सुरू होते. ग्रंथालयं आपापल्या बातम्या देतात: वेळ काय असेल, कोणता नवा डेटाबेस घेतलाय, उन्हाळ्यात कोणती नवीन पुस्तकं आली. शिकागोसारख्या काही ठिकाणी या नव्या पुस्तकांत मराठी पुस्तकंही असतात. पुण्यात किंवा मुंबईत छापलेली, कधीकधी आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात न सापडणारी.

ही पुस्तकं तिथे कशी पोचतात? कुणाच्या पैशाने? आणि तुम्ही उद्या पीएचडीला बसणार असाल तर त्याच्याशी तुमचा काय संबंध? मी विज्ञान शाखेची, इतिहासाची नाही. पण आपण ज्याला 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणतो, त्याची सुरुवात कुणीतरी आधी गोळा करून ठेवलेल्या साहित्यापासून होते. ते कुणी, का आणि कसं गोळा केलं, हे माहीत नसेल तर 'या विषयावर काही काम झालेलं नाही' असं वाक्य प्रपोजलमध्ये लिहिणं धोक्याचं असतं. म्हणून हा लेख.

आधी १८६७

छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करायची, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली. १८५७ च्या उठावानंतर देशी भाषांत काय छापलं जातंय यावर सरकारला नजर ठेवायची होती. १८६७ च्या 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स' कायद्याने छापखान्याला पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणं बंधनकारक झालं. मग प्रत्येक प्रांत दर तीन महिन्यांनी छापील सूची काढू लागला. मुंबई इलाख्याच्या सूचीत मराठी पुस्तकांचा भाग आहे.

या सूचीत पुस्तकाचं नाव, लेखक, मुद्रक, पानं, आवृत्ती, किंमत आणि किती प्रती छापल्या तेसुद्धा दिलेलं असायचं. हेतू पाळत ठेवण्याचा होता, पण हाताशी लागला तो डेटा. एखाद्या पंचांगाच्या किती प्रती निघाल्या आणि त्याच वर्षी एखाद्या नाटकाच्या किती, हे आज सांगता येतं ते या सूचीमुळे. यातली काही पुस्तकं लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात गेली. तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक शोधायला लोक लंडनला का जातात, याचं उत्तर एका कायद्याच्या कलमात आहे.

१९५४: एकाच वर्षी दोन कायदे

स्वातंत्र्यानंतर आपण आपला कायदा केला. १९५४ चा 'डिलिव्हरी ऑफ बुक्स' कायदा सांगतो की प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यायची. त्या तिघांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, टाऊन हॉलच्या इमारतीतलं. नाही दिली तर? ५० रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. चार प्रती पोस्टाने पाठवायचा खर्च आणि हा दंड, यांचा हिशोब छोट्या प्रकाशकाने मनातल्या मनात केला असेल, तर त्याला दोष देणं अवघड आहे.

त्याच १९५४ मध्ये अमेरिकेत दुसरा कायदा झाला, 'पब्लिक लॉ ४८०', म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडातला 'पीएल ४८०'. त्याचा पुस्तकांशी काहीएक संबंध नव्हता. अमेरिकेकडे धान्याचे ढीग साठले होते. ते गरजू देशांना विकायचं आणि पैसे डॉलरमध्ये न घेता त्या देशाच्या चलनात घ्यायचे, अशी ती योजना. भारताने पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. गहू आला, पुढे मिलोही आला. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती लाल मिलो विचारून बघा, चव अजून विसरलेले नसतात.

आता गंमत बघा. भारताने गव्हाचे पैसे रुपयांत दिले. ते रुपये अमेरिकन सरकारच्या नावावर, पण भारतातच साठत गेले. डॉलरमध्ये बदलून बाहेर नेता येत नव्हते. वकिलातीचा खर्च, भारतालाच कर्ज, अनुदानं असं करूनही ते संपेनात. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन त्यातला मोठा भाग निकाली काढला.

स्पुटनिक आणि मराठी

पुस्तकं या गोष्टीत येतात १९५८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिकेत घबराट उडाली होती. १९५८ च्या 'नॅशनल डिफेन्स एज्युकेशन' कायद्याने विज्ञान आणि गणितासाठी पैसा दिलाच, पण त्याबरोबर परदेशी भाषा शिकवणाऱ्या केंद्रांनाही दिला. जगातल्या ज्या भाषा अमेरिकेत कुणालाच येत नाहीत, त्या येणारी माणसं तयार करायची होती. दक्षिण आशियाई भाषांचे वर्ग या पैशावर वाढले.

भाषा शिकवायची तर पुस्तकं हवीत. त्याच वर्षी मिशिगनचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीमुळे पीएल ४८० चे पडून राहिलेले पैसे परदेशी पुस्तकं विकत घ्यायला वापरण्याची मुभा लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाली. प्रत्यक्ष काम १९६२ मध्ये सुरू झालं. दिल्ली, कराची आणि कैरो इथे कचेऱ्या उघडल्या. दिल्लीच्या कचेरीचं काम असं: भारतातल्या सगळ्या प्रमुख भाषांत छापलेली, संशोधनाला उपयोगी पडतील अशी पुस्तकं आणि नियतकालिकं विक्रेत्यांमार्फत घ्यायची, त्यांची नोंद करायची आणि लायब्ररी ऑफ काँग्रेससह योजनेत सामील झालेल्या विद्यापीठांना पेट्या भरून पाठवायच्या. प्रत्येक ग्रंथालयाने भाषा निवडून ठेवलेल्या. शीर्षकं निवडत बसायची गरज नाही, खोकी येत राहायची.

त्यामुळे काही ग्रंथालयांत विचित्र परिस्थिती झाली. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि पुस्तकं कपाटात मावेनात. कॅटलॉगिंग मागे पडलं. पण ज्या विद्यापीठांनी हे गांभीर्याने घेतलं तिथे मोठं काम उभं राहिलं. शिकागोच्या दक्षिण आशिया संग्रहाच्या ग्रंथपाल मॉरीन पॅटरसन या स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक होत्या, चित्पावन समाजावर त्यांचं संशोधन होतं. त्यांनी १९८१ मध्ये दक्षिण आशियावरची एक प्रचंड ग्रंथसूची प्रसिद्ध केली. आंबेडकर आणि महार चळवळीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये प्रबंध सादर करणाऱ्या एलिनॉर झेलियट याच पिढीतल्या.

दिल्लीची कचेरी एक छापील यादीही काढायची: 'अ‍ॅक्सेशन्स लिस्ट: इंडिया'. आत्ता आपण जिला 'न्यू अरायव्हल्स' म्हणतो, तीच. भाषेनुसार लावलेल्या या यादीत मराठीचा भाग असतो. १९६० आणि ७० च्या दशकात मराठीत काय छापलं जात होतं, यासाठी ती चाळता येते. एका परदेशी ग्रंथालयाची खरेदीची यादी आज आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाचं साधन झाली आहे.

रुपयांचा साठा आटल्यावर योजना बंद पडली नाही. विद्यापीठं स्वतःचे पैसे भरू लागली आणि दिल्लीची कचेरी आजही चालू आहे.

इकडे एक माणूस

हे सगळं वाचून 'परदेशी लोकांनी जपलं, आपण नाही' असं तुमच्या मनात आलं असेल. थांबा. शंकर गणेश दाते हे नाव माहीत नसेल तर आजच लिहून ठेवा. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० चा पुढचा भाग १९६१ मध्ये. मागे ना कायदा होता, ना गव्हाचे रुपये. मराठीत अमुक एक पुस्तक होतं की नाही, हा प्रश्न आला की आजही पहिल्यांदा दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडली जाते.

दाते, १८६७ ची सूची आणि दिल्लीची यादी या तिन्ही शेजारी ठेवून बघा. सरकारने पाळतीसाठी गोळा केलं, अमेरिकेने परराष्ट्र धोरणासाठी, दात्यांनी मराठीसाठी. तिघांच्या जाळ्याची भोकं वेगळी. छापखान्याने सरकारला प्रत दिलीच नाही तर पहिल्या जाळ्यातून पुस्तक सुटलं. विक्रेत्याच्या दुकानापर्यंत न पोचलेली, जत्रेत किंवा सभेच्या मांडवात विकलेली पुस्तिका दुसऱ्या जाळ्यातून सुटण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे 'सूचीत नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा होत नाही. प्रयोगशाळेत आपण यालाच उपकरणाची मर्यादा म्हणतो. सिग्नल मिळाला नाही म्हणजे पदार्थ नाही, असं आपण लिहीत नाही ना?

गाजर गवताचा धडा

उलटी चूकही होते, म्हणजे नसलेला संबंध दिसणं. पीएल ४८० म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, 'त्या गव्हाबरोबरच गाजर गवत आलं.' मलाही हे शाळेपासून पाठ होतं. आता तारखा लावू. पुण्यात हे गवत १९५५ मध्ये दिसलं आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. भारताचा पीएल ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे करार व्हायच्या आधीच गवत हजर! १९५१ मध्येही अमेरिकेकडून कर्जाऊ गहू आला होता, त्यामुळे धान्यातून बी येण्याची शक्यता पूर्ण बाद होत नाही. पण डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात तर १८८० सालचा नमुना आहे. मग 'पीएल ४८० ने आणलं' हे वाक्य प्रबंधात घालायचं का? नाही. 'पुढे झपाट्याने पसरलं' हे वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

तुमच्या कामाचं

आता थोडं व्यवहाराचं.

पहिलं, अमेरिकन कॅटलॉगमध्ये किंवा वर्ल्डकॅटवर मराठी पुस्तक शोधताना आपण नेहमी लिहितो तसं रोमन स्पेलिंग टाकलं तर बरेचदा काहीच येत नाही. त्यांची लिप्यंतराची पद्धत ठरलेली आहे. 'च' साठी नुसतं 'सी', 'छ' साठी 'सी-एच'. शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, पण ते लिहितात. म्हणून केळकर हे 'केळकरा' आणि पाटील हे 'पाटीला' असल्यासारखं टाइप करायचं. चव्हाण शोधायचं तर 'सी' पासून सुरुवात आणि शेवटी 'ए'. अक्षरांवरची चिन्हं गाळली तरी सहसा चालतं.

दुसरं, पुस्तक शिकागोत दिसलं म्हणून हताश होऊ नका. त्याचं प्रकाशन वर्ष, प्रकाशक आणि पृष्ठसंख्या तिथून घ्या आणि मग इथे शोधा: मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, मुंबई आणि पुण्याचे मराठी ग्रंथसंग्रह, तुमच्या जिल्ह्यातलं शंभर वर्षं जुनं नगर वाचनालय. तिथला कॅटलॉग ऑनलाइन नसेल. जाऊन रजिस्टर मागावं लागेल आणि ग्रंथपालांशी बोलावं लागेल.

तिसरं, 'साउथ एशियन ओपन आर्काइव्हज' हा मोफत संग्रह आहे, जेस्टोरच्या संकेतस्थळावर. जुनी नियतकालिकं आणि सरकारी अहवाल तिथे घरबसल्या वाचता येतात.

आणि शेवटचं. नवीन सत्र सुरू होताना आपल्या विभागाच्या ग्रंथालयातही नव्या पुस्तकांसाठी शिफारशी मागवतात. तो फॉर्म बहुतेक जण भरत नाहीत. भरा. तुमच्या गावच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाचं, एखाद्या संस्थेने काढलेल्या स्मरणिकेचं नाव त्यात लिहा. वीस वर्षांनी कुणीतरी प्रपोजल लिहीत असेल आणि त्याला ते कपाटात सापडेल की नाही, हे आत्ता भरलेल्या त्या एका ओळीवर ठरू शकतं.