आधी प्लग, मग गाडी

मंडळी, इकडच्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल भारतातून नेहमी विचारणा होते. एका चार्जमध्ये किती पळते, हा पहिला प्रश्न. मी पडलो विजेच्या कामातला इंजिनियर, त्यामुळे मला गाडीपेक्षा भिंतीवरचा प्लग आधी दिसतो. मी राहतो त्या लॉस एंजेलिसची गोष्ट बरीचशी त्या प्लगचीच आहे.

या शहराला धुराचा जुना शाप. जुलै १९४३ मध्ये धुरकं इतकं दाटलं, की जपानने विषारी वायू सोडला असं लोकांना वाटलं. महायुद्धाचे दिवस होते ते! पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकच्या प्रा. हागेन-स्मिट यांनी खरा गुन्हेगार दाखवला: आपल्याच गाड्यांचा धूर आणि त्यावर पडणारं इथलं लख्ख ऊन.

१९९० मध्ये राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने फर्मान काढलं. सात मोठ्या कंपन्यांच्या इथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी १९९८ मध्ये २ टक्के, २००१ मध्ये ५ टक्के आणि २००३ मध्ये १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. गाड्या किती, ते ठरलं. प्लग कोणता, ते मात्र ठरलं नाही.

जनरल मोटर्सची ईव्ही-१ डिसेंबर १९९६ मध्ये रस्त्यावर आली. तिच्या चार्जरला धातूच्या पिना नव्हत्या. प्लास्टिकचं एक वल्हं गाडीच्या फटीत सरकवायचं, की ट्रान्स्फॉर्मरसारखी चुंबकीय क्षेत्रातून वीज आत! कल्पना झकास. पण होंडा आणि फोर्ड साध्या धातूच्या संपर्कावर ठाम. म्हणजे पार्किंगमध्ये चार्जर मोकळा दिसला, तरी तो आपल्या गाडीला बसेलच असं नाही. २००१ मध्ये बोर्डाने धातूच्या संपर्काची पद्धत प्रमाण ठरवली. तोवर गाड्यांची सक्तीही सैल झाली होती. ईव्ही-१ जेमतेम ११०० च्या आसपास बनल्या. लीजवर दिलेल्या परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. भिंतींवरची वल्ही पोरकी झाली.

दुसऱ्या खेपेला क्रम बदलला. जानेवारी २०१० मध्ये साध्या चार्जिंगचा एकच प्लग ठरला आणि त्याच डिसेंबरमध्ये निस्सान लीफ व शेवरोले व्होल्ट बाजारात आल्या. (जलद चार्जिंगच्या प्लगचं भांडण तरीही झालंच. २०२३ मध्ये एकेक कंपनी टेस्लाच्या प्लगकडे वळली, तेव्हा ते निवळू लागलं. असो.)

त्याहून मोठा प्रश्न पार्किंगचा. ज्याच्या घराला गॅरेज आहे, तो रात्री वायर लावून झोपतो. माझ्यासारख्या भाडेकरूने काय करायचं? २०१५ पासून कॅलिफोर्नियात भाडेकरूने स्वखर्चाने चार्जर बसवायची लेखी परवानगी मागितली, तर काही अपवाद सोडता घरमालकाला नाही म्हणता येत नाही. त्याच वर्षापासून नव्या घरांत चार्जरच्या वायरीसाठी पाइप आणि पॅनेलमध्ये जागा ठेवणं सक्तीचं झालं. बांधताना घातलेला पाइप स्वस्त पडतो. नंतर भिंत आणि फरशी फोडून घालायचा, तर खर्च कित्येक पट. जुन्या इमारतींत नेमकं तेच दुखणं आहे. तिथले भाडेकरू आजही ऑफिसात नाहीतर दुकानाबाहेर रांगेत चार्जिंग करतात.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आता चार्जरवरून वाद होतात, असं ऐकतो. तुमच्याकडे इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर बिल्डरला एवढंच विचारा: प्रत्येक पार्किंगपर्यंत पाइप आहे का, आणि वाढीव लोड मंजूर करून घेणार का? गाडी कुठली, ते नंतर ठरवता येईल.