खडखडणाऱ्या दाराचा माग

मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीतून ज्यांनी प्रवास केला, त्यांना दोन सूचना आठवत असतील. एक टॅक्सीवाला म्हणायचा, ‘दरवाजा आस्ते!’ दुसरा म्हणायचा, ‘साब, जरा जोरसे.’ दोघांचंही बरोबर असायचं. पहिल्याचं दार मिस्त्रीकडून नुकतंच नीट होऊन आलेलं असायचं, दुसऱ्याचं अजून जायचं असायचं.

मोटारीच्या दाराचा आवाज मोटारीइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या गाड्यांचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. बांधणारे कारागीर मुळात घोडागाड्या बनवणारे. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. सांधे सैल झाले की दार खुळखुळायला लागतं. त्यावर एक तोडगा निघाला. दाराच्या कडेला पाचरीसारखा एक ठोकळा आणि समोरच्या खांबावर त्याच्या मापाची खाच. दार मिटलं की पाचर खाचेत घट्ट बसायची आणि दार जागच्या जागी धरलं जायचं. एडवर्ड बड याने १९१२मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली आणि संपूर्ण पोलादी बॉडीचा धंदा उभा केला. डॉज ही त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. हळूहळू लाकूड गेलं, पण खडखडाट गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. पत्र्याचं दार म्हणजे पोकळ डबा. काच, ती वरखाली करणारं मशीन, कुलपाच्या सळ्या, हे सगळं त्या डब्यात लटकलेलं.

हा डबा मुंबईत घडू लागला तो वालचंद हिराचंद यांच्यामुळे. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरशी झालेल्या कराराखाली आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, मग फियाटशी सोयरीक झाली. १९५४च्या सुमारास आलेल्या फियाट ११००ला तिच्या पुढच्या नाकाडामुळे लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या, म्हणजे दार उलटं उघडायचं. चालत्या गाडीत अशा दाराची पकड सुटली, तर वारा ते आत ढकलत नाही, बाहेर खेचतो. त्यामुळे या गाडीत दाराचा आवाज हा कटकटीपेक्षा काळजीचा विषय होता.

१९६४मध्ये ‘डिलाइट’ आली, तेव्हा पुढची दारं सुलटी झाली. हीच गाडी पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४मध्ये ‘पद्मिनी’ झाली. नावं बदलली, पण गाडीचा ढाचा जवळपास तोच राहिला, अगदी २०००च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत.

या दीर्घायुष्याचं कारण बाजारात होतं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी १९५४पर्यंत भारतातून गाशा गुंडाळला होता. उरल्या मुख्यतः तीनच गाड्या: अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. नवी गाडी नोंदवायची आणि काही वर्षं वाट बघायची, हा रिवाज होता. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत तो फारसा बदलला नाही. मग हातातली गाडी जपायची, नाही तर काय? दार वाजतं म्हणून कोणी गाडी विकत नसे.

त्यातून गल्लोगल्लीच्या गॅरेजांत कामाची वाटणी झाली. इंजिनचा मिस्त्री वेगळा, पत्र्याचं काम डेंटरचं, रंग पेंटरचा, गाद्या कुशनवाल्याच्या. दार मात्र या सगळ्यांच्या हद्दीवर पडायचं. बिजागरी डेंटरची, आतला पॅड कुशनवाल्याचा, कुलूप आणि काच मिस्त्रीची. म्हणून आवाज कुठून येतो हे आधी ठरवावं लागे, आणि ते डोळ्यांपेक्षा कानाचं आणि हाताचं काम होतं.

जाणता मिस्त्री हत्यारांची पेटी आधी उघडत नसे. गाडी खडबडीत रस्त्यावर न्यायची, चालवायला दुसऱ्याला सांगायचं आणि आपण संशयित दाराशेजारी बसायचं. आवाज सुरू असताना दार तळहाताने आतून बाहेर दाबायचं. आवाज थांबला, तर दोष कडीत, बिजागरीत किंवा रबरात. नाही थांबला, तर काच पूर्ण वर करायची, मग अर्धी, मग पूर्ण खाली. अर्ध्यावर काच जास्त वाजली, तर ती ज्या खाचेतून सरकते तिथलं फेल्ट झिजलेलं. पद्मिनीच्या पुढच्या दारात एक तिकोनी काचही असे; तिच्यावर बोट टेकवून पाहायचं.

गाडी उभी केल्यावर पुढची तपासणी. दार अर्धवट उघडून टोकाला धरायचं आणि वर उचलायचं. ते वरखाली हललं, की बिजागरीची पिन खाल्लेली. हे बहुधा चालकाच्या दाराचं दुखणं, कारण तेच सर्वांत जास्त वेळा उघडतं आणि उतरताना त्याच्यावरच भार पडतो. मग रबराची परीक्षा: कागदाची पट्टी दाराच्या फटीत ठेवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निसटली, तर तिथलं रबर मेलेलं. शेवटी बंद दारावर मुठीने हलकेच ठोकायचं. आत एखादा पडलेला स्क्रू असेल, तर तो लगेच बोलतो.

दुरुस्तीतही क्रम महत्त्वाचा. दार लोंबत असेल, तर आधी पिन बदलायची, मगच समोरच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराची कडी जिथे अडकते तो तुकडा, सैल करून तो केसभर आत सरकवायचा. हा क्रम उलटा केला, तर लोंबणाऱ्या दाराच्या मापाने स्ट्रायकर बसतो आणि दार आपटूनच लावावं लागतं. आपटण्याने स्ट्रायकर पुन्हा ढिला होतो. टॅक्सीवाल्याचं ‘जोरसे’ अनेकदा या चक्रातून आलेलं असे. ज्याला घाई असे, तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा फटीत चिकटवून मोकळा व्हायचा.

मुंबईत आणि कोकणात मात्र खरा गुन्हेगार बऱ्याचदा पाऊस निघायचा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. चिखलाने किंवा रंगाच्या थराने ती बुजली, की पाणी साचतं, तळ आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे सुटून त्याच डब्यात खुळखुळतात. पद्मिनीला वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे उंबऱ्याचा पत्रा गंजला, तर दारांचे खांबच जागचे हलत आणि कितीही पिना बदलल्या, तरी दार जाग्यावर येत नसे. अशा वेळी चांगला डेंटर दाराला हात लावण्याआधी खालचा पत्रा कापून नवा जोडायचा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. खासगी पद्मिनी अजून काही घरांत आहेत. त्या बाळगणाऱ्यांनी दार वाजण्याची वाट न पाहता, पावसाळा लागण्याआधी चारही दारांच्या तळाची भोकं पातळ तारेने मोकळी करून घ्यावीत.